जळगांव ते ब्रेबोर्न : एक टेनिसयात्रा

“जूनपासून दहावीचें वर्ष, आतां रॅकेट माळ्यावर ठेवावयाची,” असा ठराव २०२५ च्या आरंभीं आमच्या घरांत जवळजवळ कायम झाला होता. पुतणीनें तो निमूटपणें ऐकला, आणि तत्पूर्वीं एकदां मुंबईची महिलांची टेनिसस्पर्धा पाहावयास मिळावी, एवढेंच मागितलें. मागणी रास्त होती. फेब्रुवारींतील एका शुक्रवारीं रात्रीं भरीत-पुऱ्यांचा डबा आणि घरचीं केळीं घेऊन आम्ही जळगांव स्टेशनावर दाखल झालों. वयाचें पाऊणशें उलटलें असतांहि आमच्या मातोश्री हट्टानें बरोबर निघाल्या.

चाळीसगांव, मनमाड झोपेंतच गेलीं. इगतपुरीस थंडीनें जाग आली. घाट उतरतांना खिडकीशीं बसलेल्या पुतणीचें लक्ष डोंगरांकडे नव्हतें; ती बोटांवर खेळाडूंचीं नांवें मोजीत होती. सुमारें ४२० किलोमीटरांचा प्रवास संपवून आम्ही मुंबईस उतरलों.

चर्चगेटजवळील क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचें ब्रेबोर्न मैदान १९३७ पासून क्रिकेटसाठीं प्रसिद्ध आहे. तेथील टेनिसकोर्टांवर ‘मुंबई ओपन’ ही व्यावसायिक महिलांची स्पर्धा २०१७ व २०१८ सालीं झाली, आणि खंड पडून २०२४ सालीं पुनश्च सुरू झाली. पहिल्या वर्षींची विजेती आरिना साबालेंका पुढें जगांतील पहिल्या क्रमांकाची खेळाडू झाली, यावरून स्पर्धेची योग्यता कळावी. आम्हांस नवल वाटलें तें मात्र निराळ्याच गोष्टीचें. एकेरीचें कोर्ट ७८ फूट लांब, २७ फूट रुंद. जाळें मध्यभागीं ३ फूट उंच. म्हणजे जळगांवच्या आमच्या मातीच्या कोर्टाचींच मापें. तसूभरहि फरक नाहीं!

शनिवारीं उपांत्य सामना होता. एका बाजूस स्वित्झर्लंडची जिल टाइकमान, दुसऱ्या बाजूस कोइमतूरची अवघी पंधरा वर्षांची माया राजेश्वरन् रेवती. पात्रता-फेरीपासून एकेक सामना जिंकीत माया येथवर आली होती. टाइकमाननें तिला ६-३, ६-१ असें हरविलें. सामना संपला तरी पुतणी जागेवरून उठेना. “माझ्याहून वर्षानेंच मोठी आहे ती,” एवढेंच ती म्हणाली. रविवारीं अंतिम सामन्यांत टाइकमाननें थायलंडच्या मनंचया सवांगकेव हिचा ६-३, ६-४ असा पराभव करून अजिंक्यपद मिळविलें.

परतीच्या गाडींत आम्हीं मातोश्रींस पंडिता क्षमाबाई राव यांची हकीकत सांगितली. अथर्ववेदाचे संपादक शंकर पांडुरंग पंडित यांची ही कन्या. ‘सत्याग्रहगीता’ हें संस्कृत काव्य लिहिणाऱ्या या विदुषी टेनिसपटु म्हणूनहि नांवाजलेल्या होत्या. आणि त्यांची कन्या लीलाबाई हिनें १९३४ सालीं विंबल्डनच्या एकेरींत पहिल्या फेरीचा सामना जिंकला. तेथें सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री होय.

मातोश्री क्षणभर थांबून म्हणाल्या, “म्हणजे त्या घरांत संस्कृत आणि रॅकेट एकाच फळीवर मावलीं! मग आपल्याच घरांत दहावीचीं पुस्तकें एवढी जागा कां अडवितात?”

यावर आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. परगांवच्या स्पर्धांचा खर्च, शिकवणीच्या वेळा, पुढें काय, हे सारे प्रश्न खरे आहेत. आणि आमची पुतणी मोठी खेळाडू होईल, असें भविष्यहि आम्ही वर्तवीत नाहीं. परंतु खेळण्याची उमेद हरण्यापूर्वींच काढून घ्यावयाची, हा न्याय मात्र आम्हांस त्या दिवसापासून पटेनासा झाला.

घरीं आल्यावर ठराव बदलला. सायंकाळचा सराव बंद, सकाळचा चालू. पहाटे साडेपांचास तिला कोर्टावर पोंचविण्याचें काम मातोश्रींनीं, ज्यांनीं मूळ ठराव मांडला होता, त्या आमच्या थोरल्या बंधूंकडेच सोपविलें. ते कुरकुरतात खरे. पण हल्लीं गजर त्यांच्याच उशाशीं असतो.