दोनदां दाबण्याची सवय

मनुष्याचा पाय हा मोठा समजूतदार अवयव आहे. नवी वहाण चावूं लागली तर तो चार दिवस कुरकुरतो, आणि पांचव्या दिवशीं तिच्याशीं तडजोड करून मोकळा होतो. जिन्याची एखादी पायरी बोटभर उंच असली तरी महिन्याभरांत तो तिचें माप घेऊन ठेवतो व डोक्याला त्याची दादही लागूं देत नाहीं. पायाच्या ह्या गुणाचें आम्हांला आजवर कौतुकच वाटत आलें होतें. परंतु गेल्या हिवाळ्यांत ह्याच गुणापायीं आमच्यावर जो प्रसंग ओढवावयाचा तो थोडक्यांत टळला.

आमची मोटार २००६ सालची. घरांतल्या वयोवृद्ध माणसाप्रमाणें तिच्याही बारीकसारीक तक्रारी ऐकून न ऐकल्यासारख्या करण्याची आम्हांला संवय झालेली. तिचा ब्रेक मऊ लागतो हें आमच्या ध्यानांत केव्हां आलें, असें कोणी विचारील तर प्रामाणिक उत्तर हेंच कीं, तें आलेंच नाहीं. पाय आपला एकदां दाबण्याऐवजीं दोनदां दाबूं लागला होता. गाडी थांबत होती. आणि आम्ही निश्चिंत होतों.

एके संध्याकाळीं आमची कन्या गाडी चालवावयास बसली. परवाना मिळून तिला तीन महिने झाले होते. पुण्यांतल्या एका उतारावर तांबडा दिवा लागला, तिनें गाडी उभी केली, आणि क्षणभरानें म्हणाली, "बाबा, ब्रेक खालीं जातोय."

"जुनी गाडी आहे. दोनदां दाब," आम्ही अनुभवी माणसाच्या सुरांत म्हणालों.

"तसं नाहीं. मी पाय हलवलेला नाहीं, आणि तो आपोआप खालीं चाललाय."

तेवढ्यांत गाडी पुढच्या रिक्षाकडे हळूहळू सरकूं लागली. आम्हीं हातब्रेक ओढला. घडलें तें एवढेंच; रिक्षावाल्यानें मागें वळूनही पाहिलें नाहीं. पण पुढच्याच आठवड्यांत महाबळेश्वरास जावयाचें ठरलें होतें, आणि परततांना पसरणीचा घाट आपण उतरवणार असें तिनें आमच्याकडून कबूल करून घेतलें होतें. त्या रात्रीं आम्हांला झोंप आली नाहीं.

पहिल्या गॅरेजांत निदान चटकन् झालें : "हवा धरलीय." तें निराधार नव्हतें. बंद नळींतल्या द्रवावर एका जागीं दाब दिला असतां तो सर्वत्र सारखा पोंचतो, हा पास्कलचा सिद्धांत. त्याचा ह्या विषयावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ सालीं प्रसिद्ध झाला. पायाचा जोर चारी चाकांपर्यंत जातो तो ह्याच न्यायानें. परंतु द्रव दबत नाहीं आणि हवा दबते. नळींत हवेचा बुडबुडा शिरला कीं पायाचा जोर त्याला चेपण्यांतच खर्च होतो. तेव्हां एका पोऱ्यानें पेडल तळापर्यंत दणादण दाबलें, दुसऱ्यानें चाकांवरचे निपल सोडले, हवा निघाली. बिलांत पुढच्या चाकांचे नवे पॅडही होते. त्यांचा ह्या दुखण्याशीं काय संबंध, हें विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. पेडल कडक झालें खरें. पण तिसऱ्या दिवशीं सिग्नलला पाय स्थिर ठेवून पाहिला, तों तें पूर्वीपेक्षांही लौकर बसूं लागलें होतें.

मग एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलों. त्यांनीं पान्याला हातही लावला नाहीं. इंजिन चालूं ठेवून ते आसनावर बसले, ब्रेकवर पाय ठेवला आणि मिनिटभर नाडी पाहणाऱ्या वैद्यासारखे स्तब्ध राहिले.

"साहेब, मऊ पेडल वेगळं आणि बसणारं पेडल वेगळं. मऊ असतं तें दोनदां दाबलं कीं वर येतं. तिथं हवा असते, नाहींतर मागच्या ड्रमचे लायनर लांब गेलेले असतात. पण पाय स्थिर असतां जें बसत जातं, त्यांतलं तेल कुठेंतरी पळत असतं. तुमच्याकडे दोन्ही होतं. हवा गेली, हें राहिलं."

तेल पळतें कोठें, ह्याचा त्यांनीं शोध मांडला. कुपींतली पातळी खुणेवर होती. चारी चाकें आंतून कोरडीं, होज कोरडे. मास्टर सिलिंडर बूस्टरपासून सोडवून पाहिला. त्याची पाठही कोरडी. बाहेर थेंब नाहीं, त्याअर्थीं चोर घरांतच. सिलिंडर उघडला तेव्हां आंतल्या रबरी वॉशरची कड फाटलेली दिसली. तेल तिच्या बाजूनें निसटून परत कुपींत जात होतें. रोजच्या चालविण्यांत पेडल तळापर्यंत जात नाहीं, म्हणून नळीच्या टोंकाशीं वर्षानुवर्षें गंज सांचतो. हवा काढतांना पेडल तळाला आपटलें कीं वॉशर त्या गंजावर घांसला जातो. म्हणून मिस्त्री जुन्या गाडीच्या पेडलखालीं लांकडाचा ठोकळा ठेवून हवा काढतात. आधींच झिजलेली ती कड पहिल्या गॅरेजांत पुरती फाटली असावी.

"किट टाकून भागेल?" आम्हीं विचारलें. किमतींतला फरक आमच्या आवाजांत उमटला असावा.

"आंत गंज आहे. नवं रबर तोच कापील."

तेल तर काळ्या चहासारखें झालें होतें. हें तेल हवेंतली आर्द्रता शोषून घेतें. डॉट ४ जातीचें तेल ताजें असतां निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळूं नये असा दंडक आहे. पाणी मुरलेल्या तेलासाठीं तोच दंडक १५५ अंशांवर येतो. घाटांत सतत ब्रेक दाबून चाकें तापलीं, तेल उकळलें, वाफ झाली, कीं वाफही हवेप्रमाणेंच दबते आणि पेडल तळाला जातें. मिस्त्री हें सांगत होते आणि आमच्या डोळ्यांसमोर पसरणीचीं वळणें येत होतीं.

सिलिंडर नवा बसला, तेल नवें भरलें. इंजिन बंद ठेवून मिस्त्रींनीं पेडल पांचसहा वेळां दाबलें, मग पाय दाबून धरला आणि इंजिन सुरू केलें. पेडल बोटभर खालीं गेलें व तेथेंच थांबलें. एवढें जावयासच हवें. तो बूस्टर कामास लागल्याचा पुरावा.

ठरल्याप्रमाणें घाट कन्येनेंच उतरवला. दुसऱ्या गिअरमध्यें, बेताबेतानें, ब्रेकला फारसा त्रास न देतां. खालीं धोम धरणाचें पाणी चकाकत होतें. पण आमचें तिकडे लक्ष नव्हतें. एका अरुंद वळणावर समोरून एस्. टी. आली. कन्येनें एकदांच पाय दाबला आणि गाडी जागच्या जागीं थांबली. त्याच क्षणीं आमचा उजवा पाय पुढच्या गालिच्यावर जोरानें दाबला गेला. एकदां, आणि लगेच पुन्हां.

तिनें तें पाहिलें.

"बाबा," ती म्हणाली, "तिकडे ब्रेक नाहीं."