बाजारात ढोलकी आहे, झोळी नाही

आमच्या गाण्याच्या पथकाविषयी सध्या दोन आक्षेप वारंवार ऐकू येतात. पहिला आमच्याच वयाच्या कार्यकर्त्यांचा : "चळवळीपुढे एवढे प्रश्न असताना तुम्ही बोटीतून फिरता, बाजारात गाणी म्हणता. ही सहल झाली, प्रबोधन नव्हे." दुसरा वस्तीतल्या एका आजोबांचा, आणि तो जास्त बोचणारा आहे : "आम्ही गळ्यातली हलगी फेकून दिली. तुम्ही ती पुन्हा गळ्यात का घालता?" दोन्ही आक्षेपांना जाहीर उत्तर द्यायला हवे.

आम्ही सांडोरचे सहा मित्रमैत्रिणी. एक शिक्षिका, एक नर्स, एक रिक्षाचालक, एक नाक्यावर उभा राहून रंगकाम मिळवणारा, उरलेले दोघे सामाजिक संस्थांत नोकरी करणारे. महिन्यातल्या एका रविवारी ढोलकी, पेटी, खंजिरी घेऊन निघतो. कधी जवळच होळी बाजारात किंवा पापडीला, कधी खाडीपलीकडे भाईंदरला. विरार लोकलमध्ये पेटी आणि ढोलकी घेऊन चढणे म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाली आणि आमची सोय झाली. रस्त्याने ३० किलोमीटरहून अधिक पडणारे अंतर पाण्यावरून चारच्या आत येते. त्या पंधरा-वीस मिनिटांत चाली घोटून होतात, नवे कडवे जुळते, आणि शेजारी टोपली घेऊन बसलेली मावशी विचारते, "कुठे आहे रे कार्यक्रम?" बोटीतला आनंद आम्ही लपवत नाही. मित्रांबरोबर पाण्यावर गाणे हा आनंदच आहे. आनंद आला की चळवळ पातळ होते, हे मात्र आम्हाला मान्य नाही.

या आक्षेपाचे उत्तर आमच्याच तालुक्याच्या मातीत सापडले आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. त्याच वर्षी तिथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. त्या लेखाचा विषय काय? पूर्वीचे राजे शिकारीसाठी, करमणुकीसाठी विहारयात्रा करत. अशोकाने राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला जाऊन धम्मयात्रा सुरू केली : वृद्धांना भेटायचे, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटायचे, त्यांच्याशी धम्माविषयी बोलायचे. म्हणजे अशोकाने प्रवास बंद केला नाही, प्रवासाचा हेतू बदलला. एवढेच नव्हे, याच लेखात तो या यात्रेतला आनंद मोठा आहे असेही सांगतो. सोपारा हे प्राचीन बंदर. असा लेख बंदराच्या गावी कोरला गेला, हे आम्ही बोटीत बसताना विसरत नाही.

आता आजोबांचा आक्षेप. तो भावनेचा नाही, इतिहासाचा आहे. गावगाड्यात महार-मांगांनी वाजवणे ही कला म्हणून मोजली जात नव्हती, ते जातीचे काम होते. लग्न दुसऱ्याचे, देव दुसऱ्याचा, वरात दुसऱ्याची. वाजवणारा मिरवणुकीत पुढे आणि पंगतीत बाहेर. मोबदला म्हणजे उरलेसुरले अन्न आणि पसाभर धान्य. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले, ते याच व्यवस्थेच्या मुळावर घाव घालण्यासाठी. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेकांनी गावकीचे वाजवणे सोडले, तेव्हा त्यांनी वाद्य नाही, गुलामी खाली ठेवली.

पण याच समाजाने त्याच काळात दुसरी परंपराही उभी केली. भीमराव कर्डकांनी जलसा गावोगाव नेला. तमाशाचा साचा घेतला आणि आशय बदलला. वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर वस्त्या-वस्त्यांत गाऊन, ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार पोचवला. वाद्ये तीच होती. मग बदलले काय? कोणाच्या सांगण्यावरून वाजवायचे, काय गायचे आणि मोबदला कोण ठरवणार, या तीन गोष्टी बदलल्या.

मागच्या पावसाळ्याआधी एका बाजारात एक दुकानदार आमच्याजवळ आला. मुलाच्या हळदीला वाजवायला या म्हणाला, पाचशे रुपये पुढे केले. वर कौतुकाने म्हणाला, "तुम्ही लोक वाजवता छानच." त्या 'तुम्ही लोक'मध्ये अख्खे वतन बसलेले होते. आम्ही नकार दिला. म्हणूनच आम्ही बाजारात कापड अंथरत नाही, टोपी फिरवत नाही. संविधानाच्या उद्देशिकेची आणि गाण्यांची पुस्तिका ठेवतो, तिच्यावर किंमत छापलेली असते. ज्याला हवी तो विकत घेतो.

इथपर्यंत सगळे सोपे आहे. अवघड प्रश्न आमच्या रंगकाम करणाऱ्या मित्राने विचारला : "कापड नाही अंथरायचं, कबूल. पण रविवारी मला काम मिळतं. माझा खाडा कोण भरणार? तुमचा स्वाभिमान तुमच्या पगारात बसतो, माझा माझ्या हजेरीतून जातो."

या प्रश्नाला घोषणेने उत्तर देता येत नाही. स्वाभिमानाला खर्च असतो, आणि तो खर्च चळवळीतल्या सर्वांत कमी कमावणाऱ्यावर पडत असेल, तर ती समता नव्हे. म्हणून आम्ही ठरवले : पगार असलेल्या चौघांनी दरमहा ठरावीक रक्कम पथकाच्या डब्यात टाकायची. पुस्तिकांचे पैसेही त्यातच. रोजंदारीवरच्या दोघांना त्या दिवसाची पूर्ण हजेरी मिळते, आणि वहीत ती 'मदत' म्हणून नाही, 'मानधन' म्हणून लिहिली जाते. शब्दाने फरक पडतो, कारण मदत देणाऱ्याची असते, मानधन काम करणाऱ्याचे.

आजोबांना हे सगळे पटले आहे असे नाही. त्यांनी वही मात्र मागून घेतली, पाने उलटली आणि विचारले, "बाईलाही तेवढंच देता ना?" शिक्षिका आणि नर्स दोघी स्वतः डब्यात पैसे टाकतात, पण उद्या रोजंदारीवरची एखादी बाई आली तर तिलाही तेवढेच, हे त्याच दिवशी वहीत लिहिले.

गावोगावी भीमगीतांची पथके निघत आहेत, ही चांगली गोष्ट आहे. त्यांना एवढेच सांगायचे : चाल बसवण्याआधी खाडा कोण भरणार ते ठरवा. ते ठरले की बोटीत खुशाल हसत-गात जा.

जय भीम.