उकिरड्यातली सुई

तीस वर्षे मी तुम्हाला शेणखताचे महत्त्व सांगत आलो. गेल्या उन्हाळ्यात वालूरच्या एका शेतात खत पसरू लागताना माझ्याच तळहातात सुई घुसली. खत चांगले कुजले होते, सुई मात्र जशीच्या तशी! माणसाची की जनावराची, कोण सांगणार? वाहत्या पाण्याखाली साबणाने हात धुतला आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठला. रुग्णाला टोचलेल्या सुईतून ‘ब’ व ‘क’ प्रकारची कावीळ, एचआयव्ही यांची लागण होऊ शकते.

शहरातल्या इस्पितळांना यासाठी १९९८ पासून नियम आहेत. २०१६ मध्ये ते नव्याने आले. रक्ताळलेल्या पट्ट्या पिवळ्या पिशवीत, प्लॅस्टिकच्या नळ्या लाल पिशवीत आणि सुया न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात. जनावरांचे दवाखानेही या नियमांत येतात.

पण घरात इन्शुलिन टोचतो, गोठ्यात लस टोचतो, ती सुई जाते कुठे? उकिरड्यावर!

तेव्हा घट्ट झाकणाचा एक जाड डबा ठेवा. मुलांच्या हाती लागू देऊ नका. पाऊण भरला की झाकण लावून आरोग्य केंद्रात विचारून द्या.

उकिरडा जरूर भरा. पण त्यात कुजेल तेवढेच टाका.