आधी त्यांची गाणी

जुलैत अदिस अबाबाला उतरलं की पहिल्यांदा स्वेटर शोधावा लागतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंचावर आहे आणि जून ते सप्टेंबर तिथला पावसाळा. दुपार झाली की ढग उतरतात, पत्र्यांवर ताशे वाजायला लागतात आणि रस्त्यावरचा चिखल चपलांना सोडत नाही. २०१३ साली मी आणि माझा नवरा मेरीलँडहून तिथे गेलो ते दोन भावंडांना दत्तक घ्यायला. थोरला सात वर्षांचा, धाकटी चारची.

तेव्हाच्या नियमाप्रमाणे फेऱ्या दोन करायच्या होत्या. पहिल्या फेरीत मुलांना भेटायचं, न्यायाधीशांपुढे उभं राहायचं आणि मुलांना तिथेच ठेवून परत यायचं. निकाल आणि व्हिसाची कागदपत्रं हातात आली की त्यांना न्यायला पुन्हा जायचं. ऑगस्टच्या सुरुवातीला तिथली न्यायालयं मोठ्या सुट्टीवर जातात. आमची तारीख त्याआधी लागली, म्हणून आम्ही देवापुढे साखर ठेवली होती.

सामानात रंगपेट्या, फुगे, कपडे होतेच. माझ्या पर्समध्ये शिवाय वडिलांच्या भजनी मंडळातली टाळांची जोडी होती आणि एक छोटा रेकॉर्डर. त्या रेकॉर्डरमागे एक भेट होती. सत्तर-ऐंशीच्या दशकांत महाराष्ट्रातल्या संस्थांमधून कितीतरी मुलं परदेशी दत्तक गेली. त्यांतली एक, तेव्हा चाळिशीला टेकलेली, आमच्या मंडळाच्या गणपतीत भेटली. तिने विचारलं, "संस्थेतल्या बायका बाळांना झोपवताना काय म्हणत असतील?" मला येत होत्या तेवढ्या अंगाया मी म्हटल्या. ती प्रत्येक अंगाई डोळे मिटून ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, यातलं काहीच ओळखीचं वाटत नाही. आपल्या घरी मूल येईल तेव्हा त्याची गाणी त्याच्याबरोबर यायला हवीत, हे मी त्या मांडवातच ठरवलं. माझी गाणी नंतरही शिकवता येतील.

संस्थेच्या घरात मुलांना सांभाळणाऱ्या चार-पाच बायका होत्या. आपल्याकडे अशांना मावशी म्हणतात, म्हणून मीही त्यांना मनातल्या मनात मावशीच म्हणू लागले. दुपारी पाऊस सुरू झाला की त्या मुलांना घेऊन व्हरांड्यात गोल बसत. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, टाळ्यांचा ठेका सहा मात्रांचा. थोरला पाण्याचा पिवळा प्लॅस्टिकचा कॅन उपडा करून त्यावर वाजवत होता. असे पिवळे कॅन इथिओपियात घरोघर दिसतात. मी टाळ काढले तेव्हा त्याने वाजवणं थांबवलं, माझा हात धरला आणि टाळ कुठे पडायला हवा ते दाखवलं. दादऱ्याच्या सवयीने मी समेवर जोर देत होते, त्याला तो दुसरीकडे हवा होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मला अम्हारिक येत नव्हती, पण हा धडा अर्धा तास चालला. नवरा तोवर मावश्यांकडून खांदे उडवून करायचा एस्किस्ता नाच शिकत होता आणि धाकटी त्याच्या गुडघ्याला धरून उभी होती. आमच्याजवळ ती आपण होऊन आली ती तेव्हा.

संध्याकाळी आमच्या ड्रायव्हरने आम्हाला गाणं ऐकायला नेलं. त्याला शाळेत गणित शिकवायला भारतीय मास्तर होते. सम्राट हैले सेलासींच्या काळापासून भारतातून शेकडो शिक्षक तिकडे गेले, आणि त्या पिढीतले लोक अजून त्यांचं नाव आदराने काढतात. त्या रात्री एका गायकाने मसिन्कोवर तिझिता गायला. मसिन्को म्हणजे एका तारेचं, गजाने वाजवायचं वाद्य. तिझिता हे तिकडचं विरहाचं, सरलेल्या दिवसांचं गाणं, आणि ज्या स्वरसमूहात ते बांधतात त्याचंही नाव तेच. असे प्रमुख स्वरसमूह चार, आणि चारही पाच स्वरांचे. तिझिताच्या एका प्रकारात सा रे ग प ध एवढेच स्वर येतात, म्हणजे आपल्या भूपाचे. अंबासेल नावाच्या दुसऱ्या समूहात मला गुणक्रीचे स्वर सापडले. चलन अगदी वेगळं, स्वर लावण्याची तऱ्हा वेगळी. त्याला भूप म्हणणं हा दोघांवरही अन्याय होईल. पण ज्या घरात मी रोज सकाळी भूप गाते त्या घरात ही मुलं येणार होती, आणि ते पाच स्वर त्यांच्या कानांना परके नव्हते. मला फार धीर आला.

मुलं मूळची होसानाकडची, हदिया लोकांच्या मुलखातली. अदिसहून नैर्ऋत्येला सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. मुलांना घेऊन आम्ही तिकडे निघालो. वाटेत लालसर पाण्याने फुगलेली आवाश नदी लागते, मग तियाचे कोरीव उभे दगड, त्यांवर तलवारींच्या आकृत्या. बुताजिरा सोडलं की घराघरामागे एन्सेटची झाडं दिसू लागतात. दिसायला थेट केळ, पण फळाचा उपयोग नाही. खोडाचा आणि कंदाचा गर जमिनीत पुरून आंबवायचा आणि त्याची भाकरी करायची. दक्षिण इथिओपियातली लाखो माणसं यावर जगतात.

होसानाला मुलांची आजी भेटली, वडिलांची आई. न्यायालयात संमती द्यायला ती अदिसला येऊन गेली होती. माझं इंग्रजी दुभाष्या अम्हारिकमध्ये सांगे आणि दुसरा एक मुलगा ते हदियात. आजीचं उत्तर त्याच वाटेने उलटं येई. मुलगा आणि सून दोघंही गेल्यावर तिने नातवंडांना जमेल तितकं सांभाळलं होतं. तिचं प्रेम कमी पडलं नव्हतं, धान्य कमी पडलं होतं. हे मी स्पष्ट लिहिते, कारण दत्तक घेणाऱ्यांना "तुम्ही मुलांना वाचवलंत" असं म्हणायची लोकांना फार घाई असते. २०१८ च्या जानेवारीत इथिओपियाने परदेशी दत्तक देणं बंद केलं. अशी आजी आणि तिची नातवंडं त्यांच्याच गावात राहू शकली तर त्याहून चांगलं काही नाही, असं मला आजही वाटतं.

मी विचारलं, मुलं लहान असताना तुम्ही काय गात होता? आजीने धाकटीला उचलून पाठीला बांधलं आणि उभ्या उभ्या डोलत गायला सुरुवात केली. धाकटी संस्थेत अम्हारिक बोलायला शिकली होती, हदिया तिच्या जिभेवरून उतरलं होतं, तरी तिने गाल आजीच्या पाठीला टेकवला. थोरला आधी दाराशी उभा होता. दुसऱ्या खेपेला त्याने हलक्या आवाजात साथ धरली, तिसऱ्या खेपेला मोठ्याने. रेकॉर्डर सुरू करण्यापूर्वी मी परवानगी मागितली. याचं काय करणार, असं आजीने विचारलं. मी म्हटलं, रोज रात्री मुलांना ऐकवीन आणि मीही शिकेन. त्यावर ती म्हणाली, नुसतं ऐकवू नकोस, मुलीला पाठीला बांधून म्हण, बसून म्हटलं तर ती झोपत नाही. मग तिला माझं ऐकायचं होतं. मी माझ्या आईची अंगाई म्हटली. तिने ती पुन्हा म्हणायला लावली.

परत निघताना मी मावश्यांकडे माझ्या आवाजातली चार गाणी ठेवली. मधल्या आठवड्यांत मुलांना आमचा आवाज ओळखीचा राहावा म्हणून.

सप्टेंबरात गेलो तेव्हा पाऊस ओसरला होता आणि डोंगरउतारांवर पिवळी रानफुलं आली होती. ११ सप्टेंबर २०१३, त्यांच्या पंचांगात २००६ सालचा पहिला दिवस. नवीन कपडे घातलेल्या मुली फुलांच्या जुड्या घेऊन दारोदार गात फिरत होत्या. आमच्या धाकटीचं त्यांच्याबरोबर सगळं गाऊन झालं, आणि मग ती माझ्याकडे वळून मराठी अंगाई म्हणायला लागली, भर दुपारी, टाळ्या वाजवत, त्याच सहा मात्रांच्या ठेक्यात. मावश्या हसून लोटपोट झाल्या. मी तो ठेका बदलला नाही, आमच्या घरात ती अंगाई अजून तशीच म्हणतात.

पुढच्या वर्षी, २०१४ मध्ये, मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास वाचनात आला. चीनमधून तान्हेपणी दत्तक गेलेल्या, फ्रेंचमध्ये वाढलेल्या मुलींना त्यांनी चिनी भाषेतले स्वरांचे चढउतार ऐकवले. त्या मुलींना चिनी येत नव्हती, तरी त्यांच्या मेंदूने चिनी बोलणाऱ्या मुलींसारखाच प्रतिसाद दिला. गणपतीत भेटलेल्या त्या मैत्रिणीला मी तो लेख पाठवला. तिला काहीच ओळखीचं वाटलं नव्हतं, याचा अर्थ तिच्यात काहीच उरलं नव्हतं असा होत नाही.

त्याआधी, मुलांना घेऊन वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळावर उतरलो तर टॅक्सीवाला इथिओपियन. या भागात त्यात नवल नाही. थोरला त्याच्याशी घडाघडा बोलला, हवं ते गाणं लावून घेतलं आणि पुढच्या सीटच्या पाठीवर ठेका धरला. मी टॅक्सीवाल्याला विचारलं, इकडे हदिया बोलणारं कोणी आहे का? एक कुटुंब ऐकून माहीत आहे, विचारून कळवतो, असं म्हणून त्याने आमचा नंबर घेतला, आणि खरोखरच कळवलं. थोड्याच दिवसांत आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो, रेकॉर्डर घेऊन. घरातल्या बाईंनी आजीचं गाणं ओळीओळीने समजावून सांगितलं, मग स्वतः म्हणून दाखवलं. थोरल्याने त्यांना मध्येच थांबवलं आणि एक ओळ दुरुस्त केली.