परीक्षेच्या हंगामातील जागरणे

सुरगाण्यासारख्या डोंगराळ तालुक्याच्या गावी अध्यापनाच्या निमित्ताने वास्तव्य करीत असता, परीक्षेचा हंगाम आला म्हणजे विद्यार्थ्यांच्या खोल्यांतील दिवे मध्यरात्र उलटून गेली तरी जळत असलेले मी दरसाल पाहत आलो आहे. ही मुले आसपासच्या पाड्यांवरची, कोकणा, वारली, महादेव कोळी कुटुंबांतली. भात-नागलीची कामे आटोपली की घरच्यांबरोबर दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत मजुरीस जाणारी, आणि त्यापायी बुडालेला अभ्यास रात्री भरून काढू पाहणारी. त्यांच्या उशाशी हल्ली कॅफिनयुक्त लाल पेयाची स्वस्त बाटली असते.

‘सर, बाटली घेतली की वाचताना डोळा लागत नाही, पण पुस्तक मिटून आडवं झालं तरी लागत नाही, आणि मग लागतो तो वर्गात,’ असे एका विद्यार्थ्याने मला सांगितले, तेव्हा साऱ्या प्रकरणाचे मर्मच त्याने सांगितले. जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाऊन झोपेची ओढ वाढते. कॅफिन त्याची जागा अडवते, म्हणजे थकवा कायम राहून त्याची वर्दी तेवढी पोहोचत नाही. रक्तातील कॅफिन निम्म्यावर येण्यास सर्वसाधारणपणे पाचएक तास लागत असल्याने, रात्री दहाला घेतलेल्या पेयाचा अंमल पहाटे तीनलाही पुरता ओसरलेला नसतो. आणि ज्या गाढ निद्रेत वाचलेले स्मृतीत दृढ होते, नेमकी तीच आखडते.

सरकारदरबारी याची दखलच नाही, असे नव्हे. अशा पेयांत लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिनची मर्यादा आहे. जुलै २०२४ मध्ये मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी विधान परिषदेत शाळांपासून ५०० मीटरच्या आत अतिकॅफिनयुक्त पेयांच्या विक्रीस मनाई करण्याचा मनोदयही जाहीर केला. परंतु आमच्या महाविद्यालयीन मुलांचे काय? त्या विद्यार्थ्याची बाटली हाती घेऊन पाहिली, तर कॅफिनविषयीचा इशारा बारीक इंग्रजी अक्षरांत होता. त्याने तो कधी वाचलेला नव्हता.

म्हणून दुपारनंतर हे पेय घेऊ नका, रात्री वेळेवर निजा आणि राहिलेला धडा पहाटे उठून वाचा, असे मी वर्गात कळकळीने सांगतो. तथापि केवळ उपदेशाने भागणार नाही. बागांवरून परतणाऱ्या मुलांसाठी जादा तासांची तजवीज झाली, तर रात्री जागवण्याची निकडच पुष्कळ कमी होईल. आणि ती तजवीज करणे हे आम्हां शिक्षकांचे कर्तव्य आहे.