बॉबीची आजी! पण आजीच्या आधी कोण?

अहो, थांबा! हातातलं काम ठेवा! मला दुर्गा खोटे सापडल्या आहेत!

हो हो, कळलं. तुम्हाला त्या आधीपासूनच ठाऊक आहेत. मलाही होत्या की! 'बॉबी'तली डिंपलची आजी! 'अभिमान'मधली मावशी! 'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई, जी नवरा आणि मुलगा यांच्या भांडणात मधल्यामधे भरडली जाते! टीव्हीवर जुना सिनेमा लागला की ही ताठ मानेची बाई कुठून ना कुठून यायचीच, आणि आपण म्हणायचो, आली आजी. पण या आजीच्या आधी कोण होतं, ते आपल्याला कुणी सांगितलंच नाही हो!

आधीच सांगून ठेवते, सिनेमातलं मला ओ की ठो कळत नाही. मी फोंडाघाटची. आमच्याकडे नाटक म्हणजे दशावतार, आणि राणी म्हणजे दिवसा शेतात राबून रात्री शालू नेसणारा बाप्या! त्यामुळे माझ्या मताला काडीची किंमत देऊ नका. नुसतं ऐका. कारण मी आता कुणाला तरी सांगितलं नाही तर मला झोप लागायची नाही!

तर झालं असं की मोबाइलवर 'अयोध्येचा राजा' मिळाला. पहिला मराठी बोलपट! १९३२ सालचा! शांताराम बापूंचा! चित्र धुरकट, आवाज खरखरीत, म्हटलं बघू थोडा आणि देऊ सोडून. आणि मग तारामती आली. आणि मग मी सरसावून बसले. आणि मग चुलीवरचं पाणी उकळून आटलं तरी मी जागची हलले नाही, कारण ती बाई बोलत होती, रडत होती आणि गातही होती! स्वतः! तेव्हा पार्श्वगायन नव्हतंच मुळी! कॅमेरा चालू, माइक चालू, अभिनय करायचा आणि त्याच दमात गायचंही! समोर हरिश्चंद्र कोण? गोविंदराव टेंबे! संगीतही त्यांचंच! अशा माणसासमोर उभं राहून गायचं! माझी तर पाचावर धारण बसली असती.

आणि हे घडलं कुठे? कोल्हापुरात! अहो, आमच्या घाटाच्या वर! फोंड्याहून एसटीत बसा, वळणं मोजत घाट चढा, दाजीपूर, राधानगरी, आणि पुढे कोल्हापूर! प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली तिथेच सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. म्हणजे पहिला मराठी बोलपट आमच्या डोक्यावर तयार होत होता, आणि आम्ही अजून सांगतो काय, तर दाजीपुरात गवे दिसतात!

आता बसा, कारण यापुढचं उभ्याने ऐकण्यासारखं नाही. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' केला, तेव्हा तारामतीचं काम करायला बाईच मिळेना. शेवटी कुणी केली तारामती? अण्णा साळुंके यांनी! एका उपाहारगृहातले आचारी! आमच्या दशावतारातल्यासारखीच राणी! आणि मग एकोणीस वर्षांनी तीच गोष्ट, तीच तारामती, आणि या वेळी ती आली सॉलिसिटर लाडांच्या घरातून, सेंट झेवियर्स कॉलेजात शिकलेली, खोट्यांच्या श्रीमंत घरात दिलेली! आणि मग १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार कुणाला? याच तारामतीला! हे मला कळलं तेव्हा मी घरात एकटीच टाळ्या वाजवल्या. खरंच!

बरं, ही बाई हौसेने सिनेमात गेली असेल असं तुम्हाला वाटतंय ना? छे! जन्म १९०५चा, लग्न लवकर झालेलं, पदरात दोन मुलगे, आणि सासरची श्रीमंती बघता बघता ओसरलेली! १९३१ साली 'फरेबी जाल' नावाच्या सिनेमात छोटंसं काम केलं, आणि लोक तुटून पडले. घरंदाज बाई आणि सिनेमात! तिच्या जागी मी असते तर दार लावून आत बसले असते. ही कोल्हापूरला गेली! पुढे नवराही अकाली गेला. तरी ही थांबली नाही!

आणि मग तर नुसता धडाका! 'माया मच्छिंद्र'मध्ये ती स्त्रीराज्याची राणी! बायकांचं राज्य, पुरुषांनी मान खाली घालायची! आणि मग १९३६ साली 'अमर ज्योती'! त्यात ती कोण आहे माहीत आहे? समुद्रावरची दरोडेखोर! सौदामिनी नाव! स्वतःच्या मुलावर तिला हक्क नाकारला जातो, म्हणून ही बाई थेट राज्याविरुद्ध बंड पुकारते, जहाजं लुटते! मालवणच्या किनाऱ्यावर आपण एवढ्या आरमाराच्या गोष्टी ऐकतो, पण त्यांतल्या एकीत तरी जहाजाच्या नाळेवर बाई उभी होती का?

शेजारच्या काकींना ओढून आणलं आणि दाखवलं. काकी चष्मा पुसून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ही ती बॉबीतली आजी मां गो?" म्हटलं, होय काकी, तीच! काकींनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "मगे परत लाव!" बघा, मी एकटीच वेडी नाही!

अजून ऐका. त्या काळात नट-नट्या एकेका कंपनीला पगारावर बांधलेल्या असायच्या. ही मात्र आज कोल्हापुरात, उद्या कलकत्त्यात! तिथे देवकी बोस यांच्याकडे 'राजरानी मीरा' आणि १९३४ मध्ये 'सीता' केला, आणि तो 'सीता' व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात पोचला! आणि त्यातला राम कोण? पृथ्वीराज कपूर! तेच पुढे १९६० मध्ये अकबर, आणि ही जोधाबाई! म्हणजे 'मुघल-ए-आझम'मधल्या त्या महालात राम आणि सीताच म्हातारे होऊन बसले होते की हो! आणि मग १९७३ मध्ये पृथ्वीराजांचा नातू ऋषी नायक झाला 'बॉबी'त, जो रशियातसुद्धा तुफान चालला, आणि तिथेही ही हजर! आजोबांची नायिका, नातवाच्या नायिकेची आजी! मध्ये १९३७ साली स्वतः 'साथी' नावाचा सिनेमाही काढला! निर्माती! १९३७ साली!

नाटक राहिलंच! ते तर सगळ्यांत भारी! मुंबई मराठी साहित्य संघात त्या काम करायच्या. 'भाऊबंदकी'त आनंदीबाई! आणि १९५४ मध्ये शिरवाडकरांनी मराठीत आणलेला 'मॅकबेथ', म्हणजे 'राजमुकुट'! समोर नानासाहेब फाटक, आणि दुर्गाबाई लेडी मॅकबेथ! नवऱ्याला खुनाला उद्युक्त करणारी बाई! आणि दिग्दर्शक? हर्बर्ट मार्शल, मॉस्कोला जाऊन आयझेनस्टाइनच्या हाताखाली शिकून आलेला इंग्रज! मॉस्कोत शिकायचं आणि गिरगावात मराठी नाटक बसवायचं! आयझेनस्टाइन कोण हे मी परवापर्यंत विचारलं असतं. आज मात्र नाव असं घेते जणू आमच्याच वाडीतला!

आणि सूनही कशी मिळावी? धाकट्या हरिनची बायको म्हणजे विजया जयवंत, पुढे आपल्या विजया मेहता! आणि दूरदर्शनवरचं 'वागळे की दुनिया' आठवतं? तेसुद्धा दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सचं! पद्मश्री १९६८ मध्ये, आत्मचरित्र 'मी, दुर्गा खोटे', आणि १९९१ मध्ये गेल्या तोवर साठ वर्षांचा संसार या धंद्यात! आणि आपण म्हणतो काय, तर आली आजी!

आता तुमच्यावर काम सोपवते. सिनेमे मोबाइलवर सापडतील, पण 'राजमुकुट' कुठून आणायचं? रंगमंचावरची ती बाई फक्त बघणाऱ्यांच्या डोळ्यांत राहिली. आणि आमच्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी तेव्हा गिरगावात, परळात, लालबागला होतंच! तेव्हा गणपतीला चाकरमानी आले की घरातल्या सगळ्यांत थोरल्या माणसाला एकटं गाठा. आरती होईपर्यंतही थांबू नका. सरळ विचारा, "आजोबा, तुम्ही साहित्य संघात दुर्गाबाईंना पाहिलंत?" आणि ते जर 'होय' म्हणाले, तर त्यांना मुळीच उठू देऊ नका, पाट द्या, चहा द्या, आणि मला फोन करा! मी येतेच!