बाळाची दुसरी सीट

माझं माहेर इंदापूर आणि सासर बारामती. मधला रस्ता पन्नासएक किलोमीटरचा: सणसर, बेलवाडी, लासुर्णे, निमगाव केतकी. लेक झाल्यापासून महिन्यातून दोनदा तरी आम्ही या रस्त्यावर असतो. पालखी मार्ग म्हणून तो रुंद झाला, तसा गाड्यांचा वेगही वाढला. ऊसतोडीच्या दिवसांत मात्र त्याच रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. अंधारात त्यांचं मागचं टोक अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही.

बाळाची पहिली सीट नणंदेनं दिली होती, टोपलीसारखी, मागे तोंड करून ठेवायची. ती आणली तेव्हा अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, नाराज झाल्या. "मेरी गोदी को क्या हुआ?" एवढंच म्हणाल्या. तीन मुलं त्यांनी याच गोदीत एसटीनं वाढवली होती. मी शाळेत विज्ञान शिकवते, पण या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोचं मूल धरून ठेवायला सुमारे 140 किलोचा जोर लागतो, हे गणित सासूला कोण सांगणार?

गेल्या जानेवारीत मगरिबनंतर इंदापूरहून परतताना लासुर्ण्याजवळ असाच एक ट्रॅक्टर समोर आला. यांनी करकचून ब्रेक दाबला. धडक झाली नाही, अल्हम्दुलिल्लाह. पण माहेरून दिलेला खिचड्याचा डबा अम्मींनी मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता, तो सुटून पुढच्या सीटच्या पाठीवर आदळला. बाळ आपल्या सीटमध्ये झोपलेलंच राहिलं. घरी येईपर्यंत अम्मी काही बोलल्या नाहीत. त्यानंतर गोदीचा विषय त्यांनी काढला नाही.

दोन महिन्यांनी पहिली सीट अपुरी पडायला लागली. लेक तेरा महिन्यांचा, वजन साडेनऊ किलो. सीटवर 13 किलोपर्यंत असं लिहिलेलं, म्हणून मी निर्धास्त होते. पण अशा सीटमध्ये बऱ्याचदा वजनाआधी उंचीच भरते. डोक्याचा माथा सीटच्या वरच्या कडेला टेकायला आला, की तिचं काम संपलं. पाय मागच्या गादीला टेकतात म्हणून ती लहान झाली, असं नाही. मुलं पाय मुडपून आरामात बसतात.

पुण्यातल्या एका दुकानदारानं सांगितलं, "नऊ किलो झालाय ना? मग पुढे तोंड करून बसवा, त्यालाही रस्ता दिसेल." जुना युरोपीय नियम तेवढी मुभा देतो, हे खरं. नव्या नियमात मात्र पंधरा महिन्यांपूर्वी मुलाला पुढे तोंड करून बसवता येत नाही. स्वीडनमध्ये तर चार वर्षांपर्यंतची मुलं मागे तोंड करून बसतात. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं जड आणि मान कच्ची असते. समोरून धडक बसली, तर मागे तोंड करून बसलेल्या मुलाची पाठ, मान आणि डोकं सीट एकत्र झेलते. पुढे तोंड असलं, की पट्टे धड धरतात आणि डोकं पुढे झेपावतं. दोन्ही नियमांच्या सीटवर नारिंगी लेबल असतं. नव्यावर उंची सेंटिमीटरमध्ये लिहिलेली, जुन्यावर वजन किलोत. दुकानात आधी ते लेबल वाचा, रंग आणि गादी नंतर.

आमची खरी अडचण दुकानात नव्हती, घरात होती. गाडी छोटी. मागे तोंड असलेली मोठी सीट बसवायची, तर तिच्या पुढची सीट सरकवावी लागते. त्या सीटवर अब्बा बसतात. त्यांचा गुडघा दुखतो, शिवाय मुलाशेजारी पुढे बसणं हा त्यांचा मान. हे म्हणाले, "पुढे तोंड करणारीच घेऊ, कायद्यातही चालतं." 2019 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालसीट नसेल, तर हजार रुपये दंड आहे, तोंड कुठे असावं, हे त्या कलमात नाही. (मोटरसायकलवाल्यांनीही लक्षात ठेवावं: नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट आणि मोठ्या माणसाशी बांधणारा पट्टा हवा, वेग ताशी 40 च्या आत. माझा भाऊ अजून लेकीला टाकीवर बसवतो. आमचं त्यावरून भांडण चालू आहे.)

शेवटी दोन्ही बाजूंनी बसवता येणारी सीट घेतली, आधी गाडीत लावून पाहून. डाव्या बाजूला बसवली आणि अब्बांना कसं सांगावं, या विचारात मी उभी होते. तेवढ्यात ते स्वतःच मागचं दार उघडून चालकाच्या मागे बसले. पाय तिरका करून पाहिला. "तू ठेंगणी आहेस, तू बस पुढे," म्हणाले. अम्मी मधे बसल्या. बाळाचं तोंड मागे, म्हणजे सगळा रस्ताभर ते त्यांच्यासमोर. इंदापूर येईपर्यंत दोघांच्या गप्पा संपल्या नाहीत.

निघण्याआधी अब्बांनी विचारलं, "माझा पट्टा कुठंय?" 2022 साली पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या सीटवर पट्ट्याविना होते, ती बातमी घरात सगळ्यांनी वाचली होती. तरी आमचे मागचे पट्टे गाडी घेतल्यापासून सीटकव्हरखाली दडपलेले. यांनी हात घालून दोन्ही बकल ओढून काढली. सोबत एक सुकलेली खजूर आणि बाळाचा हरवलेला मोजा निघाला.